मौजे गेले, कसबा राहिला : राष्ट्र-राज्याची हद्द आखली कुणी?

शंकूसाखळी · रविवार, सकाळी ९.१०

मंडळी, नमस्कार.

भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं मोजण्या केल्या. वीतभर बांधापायी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिले. त्यामुळे देशांच्या हद्दींबद्दल काही वाचायला घेतलं की मला आधी नकाशा दिसत नाही, ताब्यावरून भांडणारे दोन खातेदार दिसतात. परवा नातवाच्या गाइडात 'राष्ट्र-राज्य' नावाचा धडा चाळला. एक भाषा, एक संस्कृती असलेले लोक एकत्र आले आणि त्यांनी आपलं राज्य स्थापन केलं, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मला हे प्रकरण नेमकं उलटं वाटतं. का, ते एका गावावरून सांगतो.

पिरेनीज डोंगरात ल्यिविया नावाचं गाव आहे. चहूबाजूंनी फ्रान्स आणि मधोमध हे स्पेनचं. क्षेत्र साधारण १३ चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजाराच्या आसपास.

फ्रान्स आणि स्पेन १६३५ पासून लढत होते. ७ नोव्हेंबर १६५९ ला बिदासोआ नदीतल्या फेझंट बेटावर तह झाला. (त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियाना उभा राहिला होता. असो.) फ्रान्सकडून कार्डिनल माझारँ, स्पेनकडून डॉन लुइस दे आरो, दोघांच्या चोवीस बैठका झाल्या. ४२ व्या कलमात लिहिलं गेलं, की प्राचीन काळी गॉल (म्हणजे फ्रान्स) आणि हिस्पानिया (म्हणजे स्पेन) यांना वेगळं करणारे पिरेनीज डोंगर हीच यापुढे दोन्ही राज्यांची विभागणी. वाचायला झकास. पण डोंगर म्हणजे काही रेघ नव्हे. शिखरं धरायची, पाणलोट धरायचा की पायथा? १६६० च्या वसंतात दोन्हीकडचे आयुक्त सेरे गावी बसले आणि 'पिरेनीज नेमका कुठून कुठे जातो' यावर ग्रीक-रोमन भूगोलकारांचे दाखले एकमेकांना ऐकवत राहिले.

घोडं अडलं ते सेर्दान्या खोऱ्यात. हे खोरं म्हणजे डोंगरात ठेवलेलं ताट. उंचावर, पण सपाट. त्यातली सेग्रे नदी स्पेनकडे वाहते, म्हणजे पाणलोटाच्या हिशेबाने अख्खं खोरं स्पेनचं. पण फ्रान्सला पलीकडच्या कारोल खोऱ्यात उतरायला वाट हवी होती. तोड निघाली ती अशी, की ३३ गावं फ्रान्सला. यादी करायला नोव्हेंबर १६६० मध्ये आयुक्त ल्यिवियातच बसले, आणि तिथे स्पेनवाल्यांनी मुद्दा काढला. द्यायची ठरलीत ती गावं. ल्यिविया गाव नाहीच, सम्राट पाचव्या चार्ल्सने तिला 'व्हिला'चा, म्हणजे नगराचा, दर्जा दिलाय. आपल्या दप्तराच्या भाषेत सांगायचं तर मौजे द्यायचे कबूल केले होते, कसबे नव्हे. तटबंदी करायची नाही या अटीवर फ्रान्सने मान्य केलं. मौजे गेले, कसबा राहिला. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, अजून तसाच आहे.

त्या ३३ गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी काय बदललं? जवळजवळ काही नाही. भाषा दोन्हीकडे कातालान, सोयरिकी दोन्हीकडे. पाद्री उर्खेलच्या बिशपच्या हाताखालचे, आणि उर्खेल तर स्पेनमध्ये. फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत हे असंच चाललं. राजा पॅरिसचा, धर्मपीठ स्पेनचं. मराठे आणि निजाम यांच्यात जशी दुअंमली गावं असत, तसलाच प्रकार. शेजारच्या अँडोरात तर आजही उर्खेलचे बिशप आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष असे दोघं मिळून राज्यप्रमुख आहेत. १२७८ च्या करारापासूनची वहिवाट!

आणि हद्दीचे दगड? ते लागले बायोनच्या तहांनंतर, १८६८ च्या सुमारास. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत ६०२ क्रमांकित दगड. तह ते दगड, मध्ये दोनशे वर्षं. आमच्या खात्याला नावं ठेवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

या दोनशे वर्षांत तिथे फ्रेंच माणसं आणि स्पॅनिश माणसं तयार झाली. ती नुसती पॅरिस-माद्रिदहून घडवून आणली असंही नाही. पुचसेर्दा हे स्पेनकडचं मोठं गाव, पण त्याचा कालवा फ्रेंच हद्दीतल्या नदीवर, बाराव्या शतकातल्या हक्काने. उन्हाळ्यात पाण्याची पाळी कुणाची, यावर वरच्या आणि खालच्या गावांची जुंपायची. कुरणांचंही तेच. पूर्वी हे भांडण या गावाचं त्या गावाशी असे. हळूहळू अर्जांची भाषा बदलली. आम्ही फ्रेंच, ते परके स्पॅनिश आमचं पाणी नेतात, अशी तक्रार वर जाऊ लागली. कातालानमध्ये एकमेकांना शिव्या घालणारी माणसं अर्जापुरती फ्रेंच आणि स्पॅनिश झाली, कारण त्या शब्दाने अर्ज पुढे सरकायचा.

माझं म्हणणं एवढंच. रेघ आधी आली. ती ओढणाऱ्यांना लोकांच्या भाषेचं सोयरसुतक नव्हतं. मग रेघेच्या आतली माणसं आपल्या पाण्या-कुरणासाठी त्याच रेघेला धरून 'आम्ही' म्हणायला लागली. पटत नसेल तर बिनधास्त फाडा.

खिडकीची सीट · ९.४२

खुर्ची टाकून बसलोय. काका, असे धागे रविवारी सकाळी टाकत जाऊ नका. पोह्यांची कढई करपली.

रोखठोक नाना · १०.१५

काका, गोष्ट रंजक आहे, निष्कर्ष मान्य नाही. एक कोपऱ्यातलं खोरं घेऊन तुम्ही जगाचा नियम काढताय. युरोपचं राष्ट्र कालपरवाचं असेल. आपल्याकडे 'राष्ट्र' हा शब्दच वेदांत आहे. आपल्या प्रदेशाच्या नावातच राष्ट्र आहे. शिवाजी महाराजांनी स्वराज्य म्हटलं तेव्हा कुठल्या फ्रेंच कारकुनाने त्यांना रेघ आखून दिली होती?

दुसरं म्हणजे, सार्वभौम राज्यांची व्यवस्था १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने सुरू झाली हे कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. तुमचं १६५९ त्याच्या नंतरचं. म्हणजे तत्त्व आधी, रेघ नंतर.

इतिहासाच्या बाई · ११.३०

नाना, मीच ते पहिल्या वर्षाला बावीस वर्षं शिकवत होते, तेव्हा थोडं पाप माझ्याही पदरात आहे.

वेस्टफालिया म्हणजे म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युक या दोन गावांत झालेले तह, २४ ऑक्टोबर १६४८. मुळातून वाचायला घेतले तर निराशाच पदरी येते. 'यापुढे प्रत्येक राज्य सार्वभौम, कुणी कुणाच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही' असलं कलमच नाही. आहे ते बहुतेक जर्मन संस्थानिकांचे हक्क, चर्चच्या मालमत्ता, स्वीडनला काय आणि फ्रान्सला काय. पवित्र रोमन साम्राज्य त्यानंतरही १८०६ पर्यंत जिवंत होतं, आणि त्यातले संस्थानिक सम्राटाच्या कोर्टात एकमेकांवर दावे लावतच होते. डच आणि स्विस वेगळे झाले हे खरं. पण 'वेस्टफालिया व्यवस्था' हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी मागे वळून चिकटवलं. परीक्षेला सोपं जातं, म्हणून टिकलं. सार्वभौमत्वाची नीट मांडणी हवी असेल तर त्याच्या आधीची आहे, झाँ बोदँ या फ्रेंच कायदेपंडिताची, १५७६ ची. तोही धर्मयुद्धांनी पोळलेल्या फ्रान्समध्ये बसून लिहीत होता. एका घरात एकच कर्ता असावा, एवढं त्याचं सांगणं.

आता 'राष्ट्र'. शब्द जुना आहे, शंभर टक्के मान्य. पण शब्द तोच राहिला म्हणून अर्थही तोच राहतो असं नाही. राष्ट्रकूटांच्या राज्यात 'राष्ट्र' हा कारभाराचा विभाग होता. राष्ट्राखाली विषय, विषयाखाली भुक्ती. आणि त्या राष्ट्रावरच्या अधिकाऱ्याला म्हणत राष्ट्रपती. म्हणजे आजच्या विभागीय आयुक्तासारखा कुणीतरी!

आपला 'देश' घ्या. आजही कोकणातला म्हातारा 'देशावर गेला' म्हणतो तेव्हा तो घाट चढून गेलेला असतो, विमानात बसलेला नसतो. फ्रेंचमध्येही अगदी हेच आहे. 'पेई' म्हणजे देश, पण खेड्यातल्या माणसाला पेई म्हणजे आपला मुलूख, चार-दोन खोऱ्यांचा. शब्दाचा मुलूख वाढत वाढत सबंध फ्रान्सएवढा झाला.

महाराजांच्या राज्याला हद्द होती, किल्ले होते, कारभार होता. राज्य होतंच, आणि ते आपलं आहे ही भावनाही होती. पण राष्ट्र-राज्य म्हणजे वेगळी चीज. एका जमिनीवर एकच सत्ता, आणि ती सत्ता प्रत्येक माणसाला मधल्या कुणाशिवाय थेट ओळखते. चौथाई आठवा. बादशाही मुलखात वसुलाचा चौथा हिस्सा आपला, वर सरदेशमुखीचा दहावा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या त्या याच. जमीन बादशहाची, हिस्सा छत्रपतींचा, वतन देशमुखाचं, गाव पाटलाचं. नकाशात हा मुलूख कुठल्या रंगाने रंगवणार? शाळेतल्या नकाशात आपण १७६० चा भगवा रंग फासतो तो आपल्या समाधानासाठी.

रोखठोक नाना · ११.५२

बाई, राष्ट्रपतींचा मुद्दा नवीन कळला, धन्यवाद. बाकी मान्य नाही. भावना होती असं तुम्हीच म्हणताय. मग राष्ट्र म्हणजे दुसरं काय असतं?

तुलूझकर · दुपारी १.२०

(इथे सकाळ आहे.) दक्षिण फ्रान्समध्ये आठ वर्षं झाली. ल्यिवियाला दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे तोंड घालतो.

पुचसेर्दाहून ल्यिवियाला जाणारा चारेक किलोमीटरचा रस्ता आहे. जमीन फ्रान्सची, पण तहाने येण्याजाण्याची मुभा आहे, म्हणून रस्ता तटस्थ. हा रस्ता फ्रान्सच्या हमरस्त्याला छेदायचा. १९७० च्या दशकात फ्रेंचांनी त्या चौकात ल्यिवियाकडच्या वाहनांसाठी 'थांबा'ची पाटी लावली. ल्यिवियाचे लोक म्हणाले, आमचा मुक्त वाटेचा हक्क आहे, आम्ही का थांबायचं? रात्री पाटी गायब. फ्रेंचांनी दुसरी लावली. तीही गायब. तिकडे याला 'थांबा-युद्ध' असंच म्हणतात. शेवटी पूल बांधला आणि एक रस्ता दुसऱ्यावरून नेला. पुलावरून गाडी नेताना कळतही नाही आपण कुठल्या देशात आहोत. मी मुद्दाम मीटर पाहत होतो, पाच मिनिटांत दोनदा देश बदलला.

आता तिथे दोन्ही देशांचं मिळून एकच इस्पितळ आहे, पुचसेर्दाला, २०१४ पासून. फ्रेंच बाई बाळंतपणाला जाते आणि मूल जन्मतं स्पेनमध्ये.

नानांच्या प्रश्नाबद्दल. भावना असते, पण ती कुणाशी जोडायची हे शिकवावं लागतं. मी राहतो त्या तुलूझमध्ये मूळ भाषा फ्रेंच नव्हतीच, ऑक्सितान होती. रस्त्यांच्या पाट्या आज दोन्ही भाषांत आहेत, मेट्रोतही ऑक्सितानमध्ये घोषणा होते. पण माझ्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या शेजारीण आजींना ती घोषणा ऐकून हसू येतं. त्यांच्या आजीला शाळेत हीच भाषा बोलली म्हणून मार बसायचा. त्यामुळे आजीने मुलांशी ती बोलायचीच सोडली. आता मेट्रोत बोलतात, म्हणे, घरी कोणी नाही.

इतिहासाच्या बाई · दुपारी २.०५

तुलूझकर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. १७९४ मध्ये, क्रांती ऐन भरात असताना, आबे ग्रेगवार या धर्मगुरूंनी क्रांतिकारकांच्या कायदेमंडळापुढे अहवाल ठेवला. फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या आसपास. त्यांचा हिशेब असा : किमान ६० लाखांना राष्ट्राची भाषा मुळीच येत नाही, जवळजवळ तेवढ्यांनाच धड संभाषण चालवता येत नाही, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांच्या वर नाहीत. पाच वर्षांपूर्वी 'सर्व सत्ता राष्ट्राची' असं जाहीर करून बसलेल्यांना कळलं, की राष्ट्राला जाहीरनामा वाचताच येत नाहीये. अहवालाचं शीर्षकच बोलींचा नायनाट करण्याच्या गरजेबद्दल होतं. हे सगळं स्वातंत्र्य-समतेच्या नावाने बरं का. राजाला काही पडलेलं नव्हतं. कर मिळाला की ब्रेटनमध्ये रडा नाहीतर बास्कमध्ये. प्रजासत्ताकाला मात्र नागरिकाने कायदा समजून पाळायला हवा होता.

तरी राजांनीही सुरुवात केली होती. १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्सिसने कोर्टकचेरीचे कागद फ्रेंचमध्येच करायचे असा हुकूम काढला. काकांच्या भागात १७०० मध्ये चौदाव्या लुईने सरकारी दस्तांत कातालान बंद केली. दस्तांत, घरात नव्हे. घरात शिरायला शाळा लागली.

दोन तारखा शेजारी ठेवते. ११ मार्च १८८२, सॉर्बोनमध्ये एर्नेस्त रेनाँ यांचं 'राष्ट्र म्हणजे काय' हे गाजलेलं व्याख्यान. भाषा नाही, वंश नाही, धर्म नाही. एकत्र राहायची रोजची इच्छा म्हणजे राष्ट्र, आणि त्यासाठी बरंच काही विसरावंही लागतं, असा त्यांचा सूर. रेनाँ स्वतः ब्रिटनीचे, म्हणजे ब्रेटन भाषेच्या प्रांतातले. आणि २८ मार्च १८८२, सतराच दिवसांनी, झ्यूल फेरी यांचा कायदा. सहा ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण सक्तीचं. रोजच्या इच्छेची सोय झाली!

त्याच ब्रिटनीतल्या शाळांत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात खूण अडकवत. कधी लाकडी खडाव, कधी नुसता लाकडाचा तुकडा. ती काढायचा मार्ग एकच : दुसऱ्या कुणाला ब्रेटन बोलताना पकडून द्यायचं. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात राहील त्याला शिक्षा.

सायलीची आई · दुपारी २.४०

बाई, अंगावर काटा आला, कारण हे मला ओळखीचं आहे. माझ्या मुलीच्या शाळेत (नाव नको) मराठी बोललं की दहा रुपये दंड होता, आणि वर्गातल्याच एका मुलीला वहीत नावं लिहायचं काम. सायलीने एकदा पडल्यावर 'आई गं' म्हटलं, तर त्याचेही दहा लागले. मी भांडायला गेले तेव्हा बाकीचे पालक माझ्याकडेच विचित्र नजरेने बघत होते. तिकडे निदान राष्ट्र घडवत होते. इथे काय घडवत होते ते मला अजून कळलेलं नाही.

शंकूसाखळी · दुपारी ४.३०

वामकुक्षीनंतर हजर. सायलीची आई, 'आई गं'चे दहा रुपये हे कायम लक्षात राहील.

बाईंनी भाषेचं सांगितलं, मी मापाचं सांगतो, कारण ते माझं. क्रांतीआधी फ्रान्समध्ये गावागणिक मापं वेगळी, आणि तराजू बहुधा जमीनदाराचा. मिठाचा कर तर असा, की ब्रिटनीला सूट आणि रेघेपलीकडच्या प्रांतात तेच मीठ वीसपट किंवा त्याहून महाग. एकाच राजाच्या राज्यात! लोक कुत्र्यांच्या अंगावर मिठाच्या पिशव्या बांधून पलीकडे सोडत. मग १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ जिल्हे केले, आतले जकात नाके उठवले, आणि माप कुठल्याही राजाच्या हातापायावरून न घेता पृथ्वीवरून घ्यायचं ठरलं. दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ पासून डंकर्क ते बार्सिलोना मोजत निघाले. मेशँ स्पेनमध्ये असतानाच दोन्ही देशांत युद्ध पेटलं आणि तो तिकडेच अडकला. जगाला एक माप द्यायला निघालेला माणूस हद्दीवर अडकतो, याला काय म्हणायचं? मीटर आला, पण लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. नेपोलियनने १८१२ मध्ये माघार घेऊन जुन्या नावांची मापं चालू दिली. सक्ती झाली ती १ जानेवारी १८४० पासून.

आपल्याकडे हेच जवळजवळ त्याच वेळी झालं, फक्त करणारे परके होते. इंदापूर तालुक्यात आधी प्रिंगलची पाहणी फसली, मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवला. बिघा, चाहूर, रुका हे गावोगाव ताणले जाणारे हिशेब गेले. आली ३३ फुटांची साखळी, सोळा आण्यांची. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. माझं इथलं नाव त्यावरूनच.

यात मोजमाप हा वरवरचा भाग. खरी उलथापालथ ही, की आधी गावाची जमाबंदी पाटलाच्या मध्यस्थीने ठरे आणि आता शेताला नंबर आणि नंबराला खातेदार आला. सरकारला गाव दिसायचं, आता माणूस दिसू लागला. फ्रान्समध्ये १७९२ मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिल्या, तेही हेच. नाना, राष्ट्र-राज्याची माझी व्याख्या साधी आहे : ज्याच्या दप्तरात तुम्ही एकटे, नावानिशी सापडता ते.

मांडवीकाठ · संध्याकाळी ६.१०

साखळीकाका, मौजे-कसबेवरून आमच्या बाजूची एक केस सांगतो. तुम्हाला माहीत असेलही, पण इथल्या तरुण मंडळींना नसेल.

दादरा आणि नगर हवेली. दमणपासून आत, चारी बाजूंनी भारत, ताबा पोर्तुगीजांचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती मुक्त झाली. महाराष्ट्रातली स्वयंसेवक मंडळी त्यात होती, सुधीर फडकेही होते हे बऱ्याच जणांना ऐकून आश्चर्य वाटतं. पोर्तुगालने १९५५ मध्ये द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की आमच्या मुलखात जायला भारत आम्हाला वाट देत नाही. तुमच्या ल्यिवियाच्या रस्त्याचाच वाद, फक्त पाटीऐवजी सैन्याचा.

आणि दाव्याचा पाया काय? पुण्याचा तह, १७७९, आणि पेशव्यांच्या नंतरच्या सनदा. पोर्तुगाल म्हणे, मराठ्यांनी आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व दिलं. झालं, हेगमध्ये मराठी दप्तराचा कीस पडला. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० ला निकाल दिला, त्यात म्हटलं की सनदांच्या भाषेवरून सार्वभौमत्व दिल्याचं दिसत नाही. दिसतं ते वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचं जहागीर किंवा सरंजाम. 'सरंजाम' हा शब्द निकालात आहे, मंडळी! वसुलाचा हक्क दिला होता, मुलूख नव्हे. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून आपले एम. सी. छागला त्या पीठावर होते.

पण पुढची मेख बघा. न्यायालय म्हणालं, मराठ्यांच्या वेळी ते सार्वभौम नव्हते खरे, पण पुढे इंग्रज आले, त्यांना तिथे पोर्तुगीज कारभार करताना दिसले, आणि इंग्रजांनी तो मुलूख त्यांचाच असं धरून चाललं. तिथून तो त्यांचा. म्हणजे जुन्या जगातला सरंजामदार नव्या जगात आपोआप मालक झाला, कारण नव्या जगाला 'थोडा याचा, थोडा त्याचा' हा प्रकार वाचताच येईना. शेवटी सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने काही मोडलं नाही, असा निकाल लागला.

अजून एक. १९५४ ते १९६१ तो भाग ना पोर्तुगालच्या ताब्यात, ना रीतसर भारतात. विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंसमोर सही करायला दुसऱ्या बाजूने कुणीतरी राज्यप्रमुख हवा. म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ ला एका दिवसापुरता तिथला पंतप्रधान केला.

खिडकीची सीट · ६.२५

एका दिवसाचा पंतप्रधान. आमच्या सोसायटीचा सचिवसुद्धा दोन दिवस टिकला होता.

शंकूसाखळी · ६.४०

मांडवीकाठ, दंडवत. सरंजाम म्हणजे वसूल, मालकी नव्हे, हे आमच्या खात्यात शिपायालाही कळतं. ते हेगमध्ये न्यायाधीशांना सांगावं लागलं हे वाचून गंमत वाटली.

मांडवीकाठ · ७.०५

घरचं सांगतो. आजी जन्मली पोर्तुगीज नागरिक म्हणून, १९ डिसेंबर १९६१ नंतर भारतीय. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मानलं ते थेट त्यांच्याकडे क्रांती झाल्यावर, १९७४ च्या अखेरीच्या करारात. आता माझा मावसभाऊ आजीच्या जन्मनोंदीवरून लिस्बनला नाव लावून युरोपात गेलाय. भारतीय पासपोर्ट परत केला, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, 'मग मतदानाक येतलो मरे?'

रोखठोक नाना · रात्री ८.३०

दिवसभर वाचतोय. मुद्दे तगडे आहेत, पण एक प्रश्न राहतोच. राष्ट्र जर दप्तर आणि शाळेतून तयार होत असेल, तर त्याच्यासाठी माणसं मरतात कशी? सात-बारासाठी कुणी जीव देत नाही.

शंकूसाखळी · ८.४०

नाना, तुम्ही माझ्या खात्यात एक वर्ष काढायला हवं होतं.

इतिहासाच्या बाई · ९.२०

काका, विनोद बाजूला. नानांचा प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर देता येणार नाही. लोक त्यासाठी खरोखर मरतात. शिकवलेली भावना खोटी असते असं मी म्हणत नाही. आईची भाषाही शिकवलेलीच असते.

पण तीच भावना दप्तराच्या हातात गेली की काय होतं याचं एक उदाहरण देते. ३० जानेवारी १९२३, लोझान. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल ठरवली, सक्तीची. तुर्कस्तानातून बारा लाखांच्या आसपास लोक ग्रीसला, ग्रीसमधून चारेक लाख तुर्कस्तानला. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे ठरवलं धर्मावरून. अनातोलियात पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलणारे, तुर्की भाषेतच प्रार्थना करणारे ख्रिस्ती होते. ते 'मायदेशी' ग्रीसला पाठवले, तिथली भाषा येत नसताना. क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान गेले 'मायदेशी' तुर्कस्तानला. सेर्दान्यात निदान दोनशे वर्षं सवडीने माणसं रेघेप्रमाणे घडली. इथे रेघेप्रमाणे माणसं उचलली.

रोखठोक नाना · ९.४५

हं. यावर विचार करून लिहितो. फाळणीच्या वेळी आमचं कुटुंब कराचीहून आलं, आजोबा तिकडे बंदरावर नोकरीला होते. घरी मराठीच, पण 'आमचं गाव' म्हटलं की त्यांना शेवटपर्यंत कराचीच आठवायचं.

अवांतर : ते फेझंट बेट आज कुणाचं?

तुलूझकर · रात्री १०.१०

दोघांचं. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै स्पेन, उरलेले सहा महिने फ्रान्स. दोनेकशे मीटर लांब, वस्ती शून्य. एरवी कुणाला पायही ठेवू देत नाहीत.

खिडकीची सीट · १०.२२

काकांसाठी खास. २०२१ मध्ये बेल्जियमच्या एका शेतकऱ्याने फ्रान्सच्या हद्दीवरचा १८१९ चा दगड उपटून सव्वादोन मीटर पलीकडे रोवला होता. ट्रॅक्टरला आडवा येत होता म्हणून. बेल्जियम तेवढा मोठा झाला. इतिहासप्रेमी लोक रानातून फिरायला गेले तेव्हा लक्षात आलं.

शंकूसाखळी · १०.३१

ट्रॅक्टरला आडवा येत होता! हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, माझ्या हातच्या निदान चाळीस पंचनाम्यांत आहे. आणि दगड नेहमी पलीकडेच सरकलेला असतो, अलीकडे कधीच नाही.